सांगलीचा ऑर्गन, पांढरी चार आणि सहा नाट्यपदं: एका अल्बमच्या नोंदी

तेरा वर्षं मी पुण्यातल्या एका रॉक बँडची मुख्य गायिका होते. आता एकटीच्या नावावर जुन्या नाट्यपदांचा अल्बम करते आहे. बँड सोडून असं काही करायला निघालेल्यांना उपयोग व्हावा म्हणून काम चालू असतानाच लिहिते आहे. पैसे कुठे गेले आणि वेळ कुठे वाया गेला, तेही लिहिणार आहे.

५ जानेवारी २०२५

बँड नोव्हेंबरात थांबला. भांडण झालं नाही. ड्रमर परदेशी गेला, बासवाल्याला मुलगी झाली आणि माझा आवाज बसला. शेवटच्या दोन कार्यक्रमांत वरचा सा लावताना नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं (२,५०० रुपये). स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना लहान गाठी आहेत. शस्त्रक्रियेची गरज नाही, पण सहा आठवडे मोठ्याने गायचं नाही आणि आवाजाचे व्यायाम करायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची दहा सत्रं ठरवली, प्रत्येकी ८०० रुपये.

रिकाम्या वेळात आईने सांगलीहून बाबांच्या कॅसेटी पाठवल्या. त्यात बरीच नाट्यपदं आहेत. लहानपणी घरात हीच वाजायची आणि मी कानाला हेडफोन लावून इंग्रजी गाणी ऐकायचे. आता तीच रात्री दोन वाजेपर्यंत ऐकते. ठरलं: स्वतःची नवी गाणी लिहायची नाहीत. जुनी पदं घ्यायची आणि आजच्या माझ्या आवाजात गायची.

१९ जानेवारी

पहिली यादी अकरा पदांची. आवडतील ती सगळी टाकली, इतकाच निकष. घरी लॅपटॉपवर चार पदांचे कच्चे मुखडे म्हणून ठेवले. डॉक्टरांनी मनाई केलेली असताना हे केलं आणि तीन दिवस घसा धरला. कुणी असं करू नका.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस फक्त हक्कांचा. हे आधी करायला हवं होतं, कारण अकरापैकी चार पदं आज कटली.

आपल्याकडे शब्दांचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. चालीचा हक्कही तसाच, पण संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजायचा. शब्द आणि चाल वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. ध्वनिमुद्रिकेचा हक्क आणखी वेगळा, तो प्रकाशनापासून ६० वर्षं.

वही घेऊन बसले. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, म्हणजे ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) मोकळे. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, ‘शारदा’ (१८९९) मोकळं. कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली आणि ‘मानापमान’ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणून तेही मोकळं. ‘स्वयंवर’च्या (१९१६) चाली भास्करबुवा बखल्यांच्या आणि ते १९२२ साली गेले, तेही मोकळं.

आता कटलेली. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधली दोन पदं माझ्या यादीत सगळ्यात वर होती. पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ साली आणि जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत विचारच नको, नाहीतर रीतसर परवानगी हवी. परवानगीसाठी एका कंपनीला दोनदा लिहिलं आहे. सर्वांत फसवं निघालं ‘शतजन्म शोधिताना’. ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ चं, चाल वझेबुवांची, ते १९४५ साली गेले, म्हणून मी ते मोकळं धरून बसले होते. पण शब्द सावरकरांचे आणि ते फेब्रुवारी १९६६ मध्ये गेले. शब्दांचा हक्क २०२६ संपेपर्यंत आहे. जवळजवळ दोन वर्षांनी चुकलं.

कव्हरसाठी कायद्यात कलम ३१ क आहे. मूळ ध्वनिमुद्रण झाल्यावर पाच कॅलेंडर वर्षांनी, आधी नोटीस देऊन आणि आगाऊ रॉयल्टी भरून कव्हर काढता येतं. पण रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरतात. मी एकटी आहे, तो रस्ता माझा नाही. वकिलाचा सल्ला घेतला, ३,००० रुपये. तासाभरात त्यांनी माझी वही बरोबर असल्याचं सांगितलं आणि एक गोष्ट वर सांगितली: काही जुन्या पदांना नंतरच्या काळात नव्या चाली लागल्या आहेत. आपण शिकतो ती चाल कुणाची, हे प्रत्येक पदाला तपासायचं.

१६ फेब्रुवारी, सांगली

खाडिलकर सांगलीचे, देवल हरिपूरचे. हरिपूर आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर, कृष्णा-वारणेच्या संगमावर. मी अठरा वर्षं या गावात राहिले आणि इथल्या माणसांचं एकही पद मला पूर्ण येत नव्हतं.

आईच्या ओळखीने एका पेटीवाल्या काकांकडे गेले. वय ७६, चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गन वाजवला. मी ‘सौभद्र’मधलं ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणून दाखवलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“बाळ, काळी पाचमध्ये का गातेस?”

“बँडमध्ये त्याच आसपास गायचे, काका.”

“तिथे ढोल-ताशावरून ओरडायचं होतं. इथे कुणाच्या वर चढायचंय? सुभद्रा एकटी उभी आहे.”

त्यांनी पेटीवर पट्टी, म्हणजे ज्या सुरावर सा धरायचा ती जागा, एकेक खाली आणली. पांढरी चारला थांबले. तिथे माझा मंद्र पंचम खरखरीत पण भरून लागला. काळी पाचपासून पांढरी चार, म्हणजे पाच पट्ट्या खाली. त्या खोलीत मला कळलं की मी तेरा वर्षं माझ्या खऱ्या आवाजाच्या वर राहत होते.

काकांची अट: पंधरा दिवस गायचं नाही. पद बोलायचं. सुभद्रेचं संकट काय आहे ते शब्दांतून ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, तरच चाल सांगणार.

९ मार्च

पंधरा दिवसांचे तीन आठवडे झाले. माझ्या कोणकोणत्या सवयी मोडाव्या लागल्या ते लिहून ठेवते, कारण रॉकमधून येणाऱ्या प्रत्येकाला त्या भेटतील.

स्वर ताणून व्यंजन गिळणं ही पहिली. रॉकमध्ये शब्दाचा शेवट गिटारमध्ये बुडतो, कुणाला कळत नाही. इथे ‘उषःकाल’मधला विसर्ग गेला तर काका हात वर करतात. “शब्द खाल्लास.” दिवसातून चाळीस वेळा.

इंग्रजी गाण्यांमुळे माझा ‘र’ जिभेच्या मागे गेला होता. ‘शाकुंतल’च्या नांदीतल्या ‘पंचतुंड नररुंडमाळधर’ने तो सरळ केला. रोज सकाळी वीस वेळा, हळू, आरशासमोर.

हनुवटी वर करून आवाज ढकलणं ही सर्वांत जुनी सवय. व्यायामाच्या बाईंनी आणि काकांनी, एकमेकांना न ओळखता, तीच गोष्ट सांगितली: मान सैल. पहाटे अर्धा तास खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. पहिले दहा दिवस काहीच फरक पडला नाही. अकराव्या दिवशी मंद्र सा मिनिटभर न थरथरता राहिला. मी तारीख लिहून ठेवली: ४ मार्च.

आणि हरकती. मला वाटायचं नाट्यसंगीत म्हणजे हरकती. मी कॅसेटमधल्या एका गायकाच्या मुरक्या जशाच्या तशा उतरवल्या होत्या. काकांनी त्या सगळ्या काढायला लावल्या. “त्या त्यांच्या आहेत. तुझ्या येतील तेव्हा येतील.” सध्या पद उघडंबोडकं आहे. भीती वाटते, पण ऐकायला बरं वाटतं.

२२ मार्च

ऑर्गन सापडला. गावातल्या एका जुन्या नाट्यमंडळाच्या खोलीत, पडद्यांच्या गुंडाळ्यांखाली. पायाने भाता मारायचा, जुन्या संगीत नाटकांत असायचा तसाच. मंडळाने भाडं मागितलं नाही. दुरुस्त करून वापरा आणि दुरुस्त करूनच परत द्या, एवढंच.

गिटारऐवजी हा का, तर संगणकातला ऑर्गन मी ऐकून पाहिला होता. त्याचा सूर लागतो तसाच शेवटपर्यंत राहतो. या ऑर्गनचा आवाज पाय थकला की किंचित खाली बसतो आणि पाय पडला की उठतो. गायकाबरोबर तोही श्वास घेतो. मला बँडच्या जागी असाच एक साथीदार हवा होता.

३० मार्च

दुरुस्तीचा हिशेब. भात्यावरचं कापड कुजलं होतं, हवा धरत नव्हतं. मिरजेच्या कारागिरांनी नवं चामडं लावलं. अकरा सूर बंद होते. त्यांतल्या आठांत फक्त धूळ होती, पट्टी (सूर काढणारं पितळी पातं) बाहेर काढून मऊ ब्रशने झाडल्यावर वाजले. दोन पट्ट्या बदलाव्या लागल्या. एक अजून घोगरी आहे, तशीच ठेवली. एकूण ७,८०० रुपये, आणि आमच्या घरी नेण्या-आणण्याचे टेम्पोचे १,६००.

माझी चूक: मी घरीच एका पट्टीचा सूर जुळवायला गेले. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, एवढं वाचलं होतं. टोकाकडे जास्त घासलं गेलं. पितळ परत भरता येत नाही. बदललेल्या दोन पट्ट्यांतली एक माझ्यामुळे बदलावी लागली. हे काम कारागिरांचंच.

सूर मोजला. आजच्या ४४० हर्ट्झच्या जागी ४४६ भरला, म्हणजे सुमारे २३ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी) चढा. सगळा ऑर्गन उतरवून घेणं महाग आणि धोक्याचं. ठरलं: बाकी सगळ्यांनी ऑर्गनला जुळवायचं.

१२ एप्रिल, मिरज

तानपुरा घेतला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून दुकानांत गर्दी आहे, पण गल्लीतल्या कारखान्यात अजून निवांत बसून ऐकता येतं. मला खालचा भरदार आवाज हवा म्हणून मी मोठा मर्दानी तानपुरा निवडला. कारागीर म्हणाले, पांढरी चारला हा चढणार नाही. मी हट्ट केला. घरी जुळवताना दुसऱ्या मिनिटाला तार तुटली, नवी लावली, तीही तुटली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन लहान तानपुरा घेतला. त्यांनी बदलून दिला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. २६,००० आणि तारांचे ६००. वाद्य ज्या पट्टीसाठी बनलं आहे, त्याच पट्टीत ते बोलतं.

१० मे, पुणे

पहिलं ध्वनिमुद्रण. दोन दिवस, सोळा तास, तासाला ९००. तबलेवाल्या मित्राचे दोन दिवसांचे ७,०००. एकूण २१,४०० रुपये आणि यातला एक सेकंदही अल्बममध्ये जाणार नाही.

काय बिघडलं ते तपशिलात लिहिते. बँडच्या सवयीने मी आधी क्लिक (लयीची यांत्रिक टिकटिक) लावली, त्यावर तबला घेतला, त्यावर संगणकाचा तानपुरा आणि शेवटी काचेच्या खोलीत एकटी गायले. ऑर्गन सांगलीत, तो नंतर वरून घेऊ असा बेत. तबला अचूक आला. पण मी मुखड्याला थोडी रेंगाळले की तबला पुढे निघून गेलेला. समेवर येण्यासाठी धावायला लागले. पदात शब्दासाठी थांबायचं असतं आणि क्लिक कुणासाठी थांबत नाही.

दुसरं, कंडेन्सर माईक. स्टेजवर तेरा वर्षं हातातला डायनॅमिक माईक ओठांना लावून गायले. त्यात श्वास लपतो. इथे घशातली प्रत्येक खरखर, थुंकी गिळल्याचा आवाज, ‘भ’ आणि ‘ध’चे फटके, सगळं आलं. रेकॉर्डिस्टने ते स्वच्छ करून दिलं, तर आवाज कुणाचाच राहिला नाही.

घरी येऊन ऐकलं आणि रडले. मग काकांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, “सगळं जागेवर आहे. माणसं एकत्र नाहीत.”

२५ मे

नवा बेत. सांगलीत, गावभागातल्या आजोळच्या घराच्या माडीवर. सगळे एका खोलीत, क्लिक नाही, हेडफोन नाहीत. माईक आणि रेकॉर्डर भाड्याने, दिवसाला २,२००. बँडमधला गिटारवाला रेकॉर्डिंग बघणार, त्याला ते काम येतं.

मंडळाकडून ऑर्गन आणायला चार माणसं लागली. तो जिन्याने वर चढवला, कारण पावसाळ्यात गावभागात जड वाद्य तळमजल्यावर ठेवायचं नसतं. २०१९ च्या पुरात आजोळचा तळमजला पाण्यात होता. आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीवर जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या प्रत्येक घराचं लक्ष असतं.

२१ जून

तीन दिवस मुद्रण. सातपैकी दोनच पदं हाती लागली: नांदी आणि ‘प्रिये पहा’.

चूक तारखेची. मे हातातून गेला म्हणून घाईने जून धरला आणि पाऊस लागला. पागोळ्यांचा आवाज एक वेळ चालला असता. पण दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, दर वीस मिनिटांनी हातोडी. तानपुऱ्याची जवारी (तारेची झणकार) दुपारी एक बोलायची, संध्याकाळी दुसरी. ऑर्गनच्या लाकडी पट्ट्या फुगून अडकायला लागल्या. तार सप्तकातला एक सूर दाबला की वरच येईना. काकांनी त्या सुराशिवाय वाजवलं आणि मला ते नंतर सांगितलं.

‘प्रिये पहा’ मात्र मनासारखं झालं. कृष्ण रात्र सरून उषःकाल येत असल्याचं सांगतो, तर आम्ही पहाटे पावणेपाचला बसलो. पाऊस थांबलेला, रस्त्यावर गाडी नाही. पाचव्या खेपेला लागलं. मागे अगदी बारीक एक कोंबडा आरवतो. ठेवला आहे.

हे पद पुरुषाचं आहे, बाईने का गावं, असं आमच्या एका नातेवाईकांनी विचारलं. ‘मानापमान’ची भामिनी आणि ‘स्वयंवर’ची रुक्मिणी बालगंधर्वांनी उभी केली आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती मानली. मग माझ्या खालच्या आवाजात कृष्णही उभा राहू शकतो. मी त्यांना हेच सांगितलं, ते शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी.

१३ जुलै

ऑर्गनच्या पायट्यांची करकर. जूनच्या दोन्ही पदांत शांत जागी ऐकू येते. संगणकात काढायला गेलो तर सुराची कडही जाते. बिजागरीला तेल दिलं, पायट्यांखाली जाड नमद्याचे तुकडे चिकटवले, काकांनी चपला काढून वाजवून पाहिलं. ऐंशी टक्के गेली. उरलेली भात्याच्या श्वासासारखी लागते, म्हणून तिच्या मागे लागणं सोडलं. या सगळ्याला तीन शनिवार गेले, खर्च जवळजवळ शून्य.

१७ ऑगस्ट

मुद्रण बंद, पाणी चढतं आहे. या काळात गिटारचा प्रश्न सोडवला.

गिटारवाल्या मित्राला ‘युवती मना’मध्ये गिटार हवी होती. ‘मानापमान’मधल्या धैर्यधराचं पद, जोमदार, मलाही मोह झाला. त्याने जाड पॉवर कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) लावून पाहिल्या. पहिल्या आवर्तनाला अंगावर काटा आला, तिसऱ्याला कंटाळा. कॉर्ड बदलली की पदाचा सूर तिच्यामागे फरफटत जातो. चालीचं वळण मात्र एकाच सा-शी बांधलेलं आहे. चार आठवडे आम्ही कॉर्ड बदलत राहिलो. मग त्याने आपणहून सगळ्या काढल्या, गिटार २३ सेंट चढवून ऑर्गनला जुळवली, आणि फक्त सा आणि प, काचेची नळी तारेवर घासत, लांब. एवढंच वाजतं. तेरा वर्षं इतक्या जोरात वाजवणाऱ्या माणसाने एवढं थोडं वाजवायचं कबूल केलं, यासाठी मी त्याची आयुष्यभर ऋणी आहे.

कंपनीकडून ‘कट्यार’बद्दल काही उत्तर आलं नाही. सहा महिने झाले. तो विषय बंद केला.

७ सप्टेंबर

‘मूर्तिमंत भीती उभी’. या एका पदावर मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त दिवस घालवले.

शारदा लहान आहे, तिला म्हाताऱ्याला द्यायचं ठरलं आहे. रॉक गायिकेला वाटणार तेच मला वाटलं: इथे किंकाळी. फेब्रुवारीच्या पहिल्या प्रयत्नात मी शेवटची ओळ ओरडून म्हटली होती. ती रेकॉर्डिंग ऐकवत नाही, कारण तिथे भीती नाही, राग आहे, आणि तो माझा आहे.

काकांनी विचारलं, “घाबरलेलं पोर ओरडतं का?”

हरिपूरला संगमावर जाऊन बसले, वही घेऊन. बोलून पाहिलं. ओळीतला ‘मजसमोर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भीती समोर उभी आहे, म्हणजे तिला ऐकू जाईल असं बोलायचं नाही. पुढचा प्रयत्न जवळजवळ कुजबुजीत. आवाज फाटतो तिथे फाटू दिला. गाठींमुळे जी हवा सुटते, तीच इथे उपयोगी पडली. जी गोष्ट जानेवारीत माझा शेवट वाटली होती, तिच्यावर हे पद उभं आहे. मात्र नीट लिहून ठेवते: खरखर मुद्दाम काढायची नाही. मी दोन दिवस मुद्दाम काढली आणि घसा पुन्हा धरला.

५ ऑक्टोबर

चार दिवस मुद्रण, कोरडी हवा. ‘वद जाऊ कुणाला’, ‘युवती मना’, ‘चंद्रिका ही जणू’, ‘मूर्तिमंत भीती’. चारही पूर्ण. माझा माईक आता तोंडापासून दीड वीत, थोडा बाजूला वळवलेला. ‘भ’चे फटके गेले, श्वास राहिला, तो हवाच आहे. तबला माझ्यासमोर बसतो, मी डोळ्यांनी थांबले की तो थांबतो.

‘चंद्रिका’ आरभीतलं, म्हणजे दक्षिणेकडून आलेला राग. माझी त्यातली तान अजून कच्ची आहे. तान काढून टाकली, आलापाच्या दोन लहान जागा ठेवल्या. जाणकारांना ते कमी वाटेल. जे येत नाही ते म्हणायचं नाही, असं ठरवलं आहे.

आणि ‘नाथ हा माझा’ सोडलं. यमन, ‘स्वयंवर’, आईचं सर्वांत आवडतं. अकरा खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेत मी कुणाची तरी नक्कल करत होते. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “राहू दे गं. पुढच्या वेळी.” अल्बम सहा पदांचा.

१४ ऑक्टोबर

मिक्सिंग, पदाला ४,०००. पहिली मिक्स ऐकून मला खूप आवडली आणि तिथेच सावध व्हायला हवं होतं. ती बँडसारखी होती: सगळं पुढे, सगळं मोठं, उणे ९ एलयूएफएसपर्यंत (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) दाबलेलं. गाण्याच्या ॲपवर ती पातळी शेवटी उणे १४ च्या आसपास खाली आणलीच जाते, म्हणजे दाबून मिळवलं काही नाही, आणि शारदेची कुजबूज व धैर्यधराचा आवेश एकाच उंचीचे झाले. परत पाठवली. आता उणे १६, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. मास्टरिंग पदाला १,२००.

ऐकणाऱ्याला आवाज थोडा वाढवावा लागेल. वाढवू दे.

१५ ऑक्टोबर

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच केलं, त्याची आठवण. सांगलीचा अल्बम त्याच दिवशी यावा असं मनात होतं. वितरकाला तीन आठवडे आधी फाइली हव्यात. आज रात्री ११ वाजता चढवल्या. वर्षाचे १,८००, मुखपृष्ठाचे ६,०००.

फॉर्म भरताना घोळ: ‘कव्हर’ आणि ‘हक्कमुक्त’ असे दोन वेगळे पर्याय. मी सवयीने ‘कव्हर’ भरलं, तेव्हा परवान्याची कागदपत्रं मागितली. ‘हक्कमुक्त’ निवडून गीतकार, संगीतकार आणि त्यांची मृत्युवर्षं लिहिल्यावर पुढे गेलं. श्रेयनामावलीत काकांचं नाव ‘ऑर्गन आणि मार्गदर्शन’ असं घातलं. त्यांनी आधी पैसे नाकारले होते. आईने नारळ आणि पाकीट देऊन हातात ठेवले, १५,०००, तेव्हा घेतले.

७ नोव्हेंबर

परवा अल्बम आला. आज ‘युवती मना’च्या व्हिडिओवर एका कंपनीचा दावा लागला. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेशी सूर जुळतो, असं यंत्राने ठरवलं आहे. सूर जुळणारच, चाल तीच आहे. हरकत नोंदवली: शब्द खाडिलकर, मृत्यू १९४८, चाल टेंबे, मृत्यू १९५५, ध्वनिमुद्रण माझं, सांगली, ऑक्टोबर २०२५. मुद्रणाच्या मूळ फाइली तारखांसह जपून ठेवा, त्याच कामी येतात. त्यांना उत्तरासाठी ३० दिवस आहेत.

२८ नोव्हेंबर

एकविसाव्या दिवशी दावा निघाला. कुणी खुलासा केला नाही.

पूर्ण हिशेब: आवाजाची तपासणी आणि व्यायाम १०,५००, वकील ३,०००, ऑर्गन आणि टेम्पो ९,४००, तानपुरा आणि तारा २६,६००, मेमधलं वाया गेलेलं मुद्रण २१,४००, भाड्याची सामग्री सात दिवस १५,४००, तबला सात दिवस २४,५००, काका १५,०००, मिक्सिंग आणि मास्टरिंग ३१,२००, मुखपृष्ठ आणि वितरण ७,८००. एकूण १,६४,८००, पुणे-सांगली प्रवास सोडून. आजवर परत आलेली रक्कम सांगण्याइतकी नाही. मी शिकवण्या घेते, त्यातून फेडते आहे.

परत करायचं असतं तर दोन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या. हक्कांची वही पहिल्या दिवशी उघडली असती आणि सगळं मुद्रण फेब्रुवारीत उरकलं असतं.

आज ऑर्गन मंडळाच्या खोलीत परत पोचवला. पडद्यांच्या गुंडाळ्या बाजूला सारून खिडकीजवळ जागा केली आणि वर सुती कापड घातलं. काकांनी घोगऱ्या पट्टीवर बोट ठेवून पाहिलं. अजून घोगरीच आहे. ‘शतजन्म शोधिताना’ची वझेबुवांची चाल त्यांना येते. म्हणाले, पुढच्या पावसाळ्यानंतर शिकायला बसू, म्हणजे १ जानेवारी २०२७ पर्यंत तयार होईल.